लंडी खाना नावाचे स्थानक

(खडवली येथील व्याख्यानाचा संपादित अंश)

श्रोतेहो, खडवलीच्या फलाटावर कुणी वासिंदला जाणाऱ्या गाडीची चौकशी केली, तर त्याच्याकडे वळूनही कुणी पाहणार नाही. १३ ऑगस्ट १९७२ रोजी खैबर खिंडीतील लंडी कोतल येथे तिघा भारतीय वैमानिकांनी असाच साधा प्रश्न विचारला आणि हाताशी आलेली मुक्ती निसटली. त्यांचे नेते होते फ्लाइट लेफ्टनंट दिलीप कमलाकर पारुळकर.

मार्च १९६३ मध्ये पारुळकर वायुदलात अधिकारी झाले. १९६५च्या युद्धात शत्रूची गोळी उजव्या खांद्यात शिरली. विमान सोडून उडी घेण्याचा सल्ला मिळाला असतानाही त्यांनी ते तळावर परत आणले. या पराक्रमाबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले. १० डिसेंबर १९७१ रोजी मात्र त्यांचे सुखोई-७ पाडले गेले आणि रावळपिंडीची युद्धकैद्यांची छावणी नशिबी आली.

जुलैमध्ये सिमला करार झाला, तरी कैद्यांच्या सुटकेचे नाव नव्हते. पारुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांनी कोठडीची भिंत गुपचूप पोखरली. पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, १२ ऑगस्टच्या रात्री ते निसटले. पेशावर मागे पडले, जमरूदही मागे पडले. अफगाण सरहद्द अवघी चार मैल उरली होती. त्यांनी लंडी खान्याची वाट विचारली. नकाशावर ते रेल्वेस्थानक ठळक होते. पण इंग्रजांनी तो लोहमार्ग १९३२ सालीच बंद केला होता! चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्थानकाकडे निघालेले हे परके कोण? संशय आला आणि तिघे पकडले गेले.

त्या भागात हेर समजून गोळी घातली जाणे अशक्य नव्हते. त्या क्षणी पारुळकरांना आठवले ते रावळपिंडीच्या छावणीचे पूर्वीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद. कैद्यांशी माणुसकीने वागलेला हा अधिकारी आता पाकिस्तानी वायुदलप्रमुखांचा एडीसी होता. त्याला दूरध्वनी करा, असा आग्रह पारुळकरांनी धरला. दूरध्वनी झाला आणि तिघांचे प्राण वाचले. शत्रूच्या गणवेशातील या सज्जनाचे ऋण मान्य करण्यात आपल्याला कमीपणा वाटू नये.

पुढे एकांतवास आणि लायलपूरचा तुरुंग भोगून, १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघा सीमेवरून मायदेशी परतले. नंतर पारुळकरांनी विमानचालनाचे धडे दिले, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बटालियन कमांडर म्हणून छात्र घडवले. ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झालेल्या या वैमानिकाचे ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात निधन झाले.