सुदिरमन कप आणि आमच्या बिल्डिंगचा वॉकओव्हर

लोकलमध्ये लटकत ऐकणाऱ्यांना नमस्कार आणि घरी भांडी घासता घासता ऐकणाऱ्यांनाही. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लेखी रूप. बोलताना जे दर वाक्याला "म्हणजे, म्हणजे" झालं होतं ते काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आज बॅडमिंटन. पण सिंधूवर नाही, लक्ष्यवर नाही. त्यांच्यावर सगळेच बोलतात. आज मला सुदिरमन कपबद्दल बोलायचंय. आणि त्यासाठी मी तुम्हाला आधी एक प्रश्न विचारते.

२०२२ च्या मे महिन्यात बँकॉकला भारताने थॉमस कप जिंकला. फायनलमध्ये इंडोनेशियाला ३-० हरवलं. थॉमस कप म्हणजे पुरुषांच्या टीमची जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा. आठवतंय ना, सगळ्यांच्या स्टेटसला तोच फोटो होता. मग सुदिरमन कप, म्हणजे पुरुष आणि महिला मिळून एक टीम अशी जी जागतिक स्पर्धा आहे, तिथे आपण आजपर्यंत एकदाही सेमीफायनल का गाठलेली नाही? दोनदाच क्वार्टरफायनल: २०११ ला चीनमध्ये चिंगदाओला आणि २०१७ ला ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला. दोन्ही वेळा समोर चीन आला आणि विषय संपला.

खेळाडू तर तेच. सिंधू आहे, तेव्हा सायना होती, श्रीकांत, प्रणॉय, सगळे होते. मग?

उत्तर साध्या हिशोबात आहे. थॉमस कपच्या एका लढतीत पाच मॅच असतात: तीन सिंगल्स, दोन डबल्स. सुदिरमनमध्येही पाचच, पण त्या अशा: एक पुरुष सिंगल्स, एक महिला सिंगल्स, एक पुरुष डबल्स, एक महिला डबल्स आणि एक मिक्स्ड डबल्स. मोजा. दोन सिंगल्स, तीन डबल्स. तुमच्याकडे जगातला एक नंबरचा खेळाडू आणि एक नंबरची खेळाडू असली, दोघंही जिंकले, तरी तुमचे होतात दोन. तिसरा पॉइंट कुठल्या तरी जोडीनेच आणायचा असतो. हिरो-हिरॉइनवर हा पिक्चर चालत नाही.

स्पर्धा सुरू झाली १९८९ ला, जकार्तामध्ये. नाव डिक सुदिरमन यांचं, ज्यांनी इंडोनेशियाची बॅडमिंटन संघटना उभी केली. पहिल्या वर्षी इंडोनेशियाने कोरियाला ३-२ हरवून कप घरातच ठेवला, आणि गंमत बघा, त्यानंतर आजपर्यंत त्यांना तो परत मिळालेला नाही. कपाच्या झाकणाला आकार बोरोबुदूरच्या स्तूपाचा, आणि कप मुक्कामाला चीनमध्ये! दर दोन वर्षांनी ही स्पर्धा होते. २०२५ पर्यंत चीनने ती १४ वेळा जिंकली, कोरियाने ४ वेळा, इंडोनेशियाने ती एकदाच. चौथं नावच नाही. डेन्मार्क नाही, जपान नाही, मलेशिया नाही.

आता मी तुम्हाला जरा कॉटन ग्रीनला घेऊन येते, कारण हा हिशोब मला टीव्हीवर कळला नाही, आमच्या बिल्डिंगच्या खाली कळला.

हार्बर लाइनवर रे रोड आणि शिवडीच्या मध्ये आमचं स्टेशन. एका बाजूला पोर्ट ट्रस्टची गोदामं, एका बाजूला आम्ही. थंडी पडली, म्हणजे मुंबईत जी काय पडते ती, की खालच्या मोकळ्या जागेत फक्कीने कोर्ट आखलं जायचं. नेटचं एक टोक दिव्याच्या खांबाला, दुसरं जिन्याच्या गजाला. हॅलोजन तळमजल्यावरच्या काकांच्या घरातून. फूल नायलॉनचं, कारण पिसांचं फूल दोन रॅलीत फाटतं आणि मग वर्गणीवरून भांडणं.

आणि वेळा ठरलेल्या. मुली सात ते आठ. मुलगे नऊनंतर, संपेल तेव्हा संपेल. हे कुणी लिहून लावलं नव्हतं, पण असंच होतं. आता सात वाजता काय असतं? वारा. ज्याने उघड्यावर बॅडमिंटन खेळलंय त्याला कळेल. वाऱ्यात तुम्ही फूल नुसतं उंच उडवू शकता. नेटजवळचा नाजूक खेळ होऊच शकत नाही, फूल नेटजवळ ठेवायला गेलात तर ते शेजारच्या स्कूटरवर जातं. वारा पडतो नऊनंतर. म्हणजे खरं बॅडमिंटन शिकायची वेळ मुलांकडे, आणि आम्ही पतंग उडवल्यासारखं खेळायचो. मग आठवीत क्लास सुरू झाला सात ते नऊ, आणि माझं तेही संपलं. कुणी बंद केलं नाही. आपोआप बंद झालं.

मी दहावीत असताना तिसऱ्या मजल्यावरच्या दादाने फोनवर सुदिरमन कप बघितला आणि डोक्यात घेतलं की २६ जानेवारीच्या आदल्या रात्री बिल्डिंग विरुद्ध बिल्डिंग तशीच लढत करायची. पाच मॅच, तसेच पाच प्रकार. महिला सिंगल्सला आमच्याकडून पहिल्या मजल्यावरची ताई खेळली, ती कॉलेजला खेळायची. महिला डबल्सला तीच आणि तिची धाकटी बहीण. नियम असा की एकाने दोनच मॅच खेळायच्या. सुदिरमनमध्येही तसंच आहे, एक खेळाडू जास्तीत जास्त दोन मॅच.

झालं २-२. रात्रीचे अकरा वाजलेले. राहिली मिक्स्ड.

ताईच्या दोन झालेल्या. बहिणीचा पाय मुरगळलेला. आमच्याकडे मुलगीच नाही. समोरच्या बिल्डिंगची मुलगी, माझ्याच वर्गातली, रॅकेट घेऊन कोर्टवर उभी. पाच मिनिटं थांबले, मग जाहीर केलं, वॉकओव्हर. आणि मी कुठे होते? दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. बघत होते. वरून सगळं स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दादाला जिन्यात गाठलं. म्हटलं, "मला का नाही हाक मारलीस?"

तो म्हणाला, "अगं, तू खेळतेस कुठे आता? दोन वर्षांत कोर्टवर बघितलंच नाही तुला. आणि काकूंना रात्री अकराला काय विचारणार मी?"

राग आला, पण तो खोटं बोलत नव्हता. खेळतच नव्हते मी. उतरले असते तरी बहुतेक हरले असते. आईला खूप नंतर विचारलं, तर ती सरळ म्हणाली, "मी नाहीच म्हटलं असतं."

हे सगळं मला पुन्हा आठवलं २०२३ च्या फेब्रुवारीत. दुबईला आशियाई मिक्स्ड टीम चॅम्पियनशिप होती. फॉरमॅट सुदिरमनचाच, पाच मॅच. क्वार्टरफायनलला हाँगकाँगविरुद्ध आपण ०-२ मागे. तिथून पुरुष डबल्स जिंकली, सिंधू जिंकली, आणि शेवटी ट्रीसा जॉली-गायत्री गोपीचंद यांनी ३-२ करून दिलं. या स्पर्धेतलं भारताचं पहिलं मेडल तिथेच पक्कं झालं.

सेमीफायनलला चीन. आणि इथे उलटंच झालं. प्रणॉय हरला. सिंधू तीन गेममध्ये हरली. म्हणजे आपले दोन्ही सिंगल्सचे हुकमी पत्ते गेले. तरी लढत संपली नाही! आपला चिराग शेट्टी, मालाडचा, त्याचा नेहमीचा जोडीदार सात्त्विक दुखापतीमुळे नव्हता, म्हणून ध्रुव कपिलाबरोबर खेळला आणि दोघांनी मॅच काढली. ट्रीसा-गायत्रीने तीन गेममध्ये दुसरी काढली. २-२. आणि राहिली काय? मिक्स्ड.

आपल्याकडून ईशान भटनागर आणि तनिषा क्रास्टो. तनिषा मूळची गोव्याची, वाढली दुबईतच, तेव्हा १९ वर्षांची. समोर चीनची जोडी. दोन गेममध्ये संपलं. भारताला ब्राँझ.

त्या रात्री लोकांनी लिहिलं की मिक्स्डने घात केला. मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. ती दोघं निदान कोर्टवर होती. घात झाला असेल तर तो आधीची दहा-पंधरा वर्षं होत होता.

कसा, ते सांगते. मिक्स्ड म्हणजे काय, तर साधारणपणे मुलगी पुढे नेटवर, मुलगा मागून स्मॅश. बघणाऱ्याला वाटतं मुलगा खेळतोय आणि मुलगी मधे मधे रॅकेट लावतेय. उलट आहे. मुलगा सर्व्हिस करतो तेव्हासुद्धा मुलगी त्याच्या पुढे उभी असते, म्हणजे समोरून येणारा पहिला फटका तिच्या अंगावर. सर्व्हिसनंतरच्या पहिल्या दोन-तीन फटक्यांत ठरतं की फूल वर कोण उचलणार आणि मारणार कोण, आणि ते तीच ठरवते. समोरची जोडी पूर्ण वेळ एकच प्रयत्न करते, तिला नेटवरून मागे ढकलायचं. हे कौशल्य एकटीने खेळून येत नाही. मुलींच्या डबल्समधूनही पूर्ण येत नाही. त्यासाठी रोज मुलाचा स्मॅश समोरून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मुलगा-मुलगी एका वेळी एका कोर्टवर असावे लागतात. आमच्याकडे सातला मुली, नऊला मुलगे. समजलं?

वर गेलं की दुसरी गोष्ट. आपल्याकडे नाव सिंगल्सला. पालक अकादमीत घालतात ते सिंधू व्हावी म्हणून, कुणाची तरी पार्टनर व्हावी म्हणून नाही. पूर्वी असं नव्हतं, असं मला वाटतं. आपले नंदू नाटेकर, सांगलीत जन्मलेले, १९५६ ला परदेशात स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, त्यांच्या नावावर सिंगल्सची सहा राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, डबल्सची सहा, आणि मिक्स्डची पाच. एकच माणूस तिन्ही खेळायचा. आता शरीराला ते झेपत नाही, मान्य. पण मग मिक्स्डसाठी वेगळी माणसं लहानपणापासून तयार करायला हवीत ना.

जोडी बनवणं म्हणजे काय ते चिराग-सात्त्विककडून कळतं. चिराग गोरेगावला उदय पवार सरांकडे शिकला, मग हैदराबादला गेला. तिथे मलेशियन कोच टॅन किम हर यांनी या दोघांना एकत्र केलं. दोघंही उंच, दोघंही मागून स्मॅश मारणारे. दोघंही मागे राहिले तर पुढे कोण? चिरागला पुढे यावं लागलं, नेटचा खेळ नव्याने शिकावा लागला. ज्या फटक्यावर टाळ्या मिळतात तो दुसऱ्याला द्यायचा. सुदिरमन कपला असे लोक लागतात, एक नाही, तीन जोड्या.

आणि गोल्ड कोस्टची २०१७ ची क्वार्टरफायनल कशी मिळाली होती माहितीये? ग्रुपमध्ये इंडोनेशियाला ४-१ हरवून, आणि त्याची सुरुवात मिक्स्डने. अश्विनी पोनप्पा २७ वर्षांची आणि सात्त्विक फक्त १६ वर्षांचा. तीन गेम लढून तोंतोवी अहमद आणि ग्लोरिया विजाजाला हरवलं. तोंतोवी रिओचा मिक्स्डचा गोल्ड मेडलिस्ट! म्हणजे होऊ शकतं.

आता जरा माझ्याच म्हणण्याला खोड काढते. २०२५ ला चीनमध्ये शियामेनला सुदिरमन झाला. आजारपण आणि दुखापत यांमुळे सात्त्विक-चिराग नाहीत, ट्रीसा-गायत्री नाहीत. डेन्मार्कशी १-४, इंडोनेशियाशी १-४, ग्रुपमधूनच बाहेर. पण इंडोनेशियाविरुद्धचा तो एक पॉइंट कुणाचा? ध्रुव कपिला आणि तनिषाचा. मिक्स्ड! पहिला गेम वाईट हरून पुढचे दोन काढले. त्यानंतर सिंधू, प्रणॉय आणि बाकीच्या डबल्स गेल्या. म्हणजे दुबईत जी जागा कच्ची होती तीच दोन वर्षांनी एकटी उभी राहिली, आणि बाकीच्या पडल्या. दर वेळी वेगळी वीट निखळते. यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण तनिषासाठी मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आणि शेवटचं, ज्युनियर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुवाहाटीला जागतिक ज्युनियर मिक्स्ड टीम स्पर्धा झाली, सुहांदिनाता कप. (हीच स्पर्धा २००८ ला पुण्यात बालेवाडीला झाली होती. त्याच वेळी सायना ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन झाली.) गुवाहाटीचा फॉरमॅट भन्नाट होता, रिलेसारखा. ४५ पॉइंटचा सेट, पाचही प्रकार एकामागोमाग. पहिली जोडी कोर्टवर उतरली की कुणीतरी ९ ला पोहोचेपर्यंत खेळणार, पुढची तिथूनच पुढे १८ पर्यंत, मग २७, ३६, ४५. एकाने घाण केली तर पुढच्याने भरून काढायची. क्वार्टरफायनलला कोरियाविरुद्ध आपण पहिला सेट ४४-४५ हरलो! एका पॉइंटने. मग ४५-३०, ४५-३३. सेमीला इंडोनेशियाकडून हरलो, पण या स्पर्धेतलं भारताचं पहिलं मेडल आलं. ही मुलं-मुली एकमेकांचा स्कोअर पुढे नेत खेळली.

आमच्या खाली काय चाललंय विचाराल, तर दोन वर्षांपूर्वी मी आणि ती समोरच्या बिल्डिंगची वर्गमैत्रीण, दोघींनी मंडळाच्या मीटिंगला जाऊन नऊचा स्लॉट मागितला. अर्धा तास वाद झाला. एक काका म्हणाले, मुली रात्री खाली कशाला? त्यांना तळमजल्यावरच्या काकूंनीच उत्तर दिलं, ज्यांच्या घरातून हॅलोजन येतो. म्हणाल्या, "मग लाइटपण सातलाच बंद करते." बुधवार आणि शनिवार, नऊ ते साडेदहा, मिक्स्ड. मी अकरावीतल्या एका मुलाबरोबर खेळते. तो मागून काय मारतो बाबा! मला अजून सर्व्हिस नीट जमत नाही, दहातल्या चार नेटला लागतात. या जानेवारीत मिक्स्ड १५-२१ हरलो. आई गॅलरीतून बघत होती, खाली उतरली नाही, पण जेवायला थांबली होती.

तुमच्या चाळीत, सोसायटीत मिक्स्ड खेळतात का, कुठल्या वेळेला, मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवते. आणि कॉटन ग्रीनवाले जे ऐकत असतील त्यांना, शनिवारी फुलांचा डबा कुणाकडे राहिलाय ते ग्रुपवर टाका. चला, भेटू.