सावलीचें प्रसाधन

शिल्पांतील चेहऱ्याला उठाव येतो तो उजेड आणि सावली यांच्या योगानें. ऑग्यूस्त रोदँ (१८४०–१९१७) या फ्रेंच शिल्पकाराचें नांव एका कोरियन कंपनीनें आपल्या प्रसाधनाच्या पावडरीला दिलें, तें या दृष्टीनें समर्पकच म्हणावें लागेल.

कोरियांत या क्रियेला ‘शेडिंग’ म्हणतात. तिचें मर्म रंगाच्या निवडींत आहे. खरी सावली तांबूस नसते. म्हणून या पावडरींत तपकिरीबरोबर करडी झांक ठेवलेली असते. वर सांगितलेल्या डबींत तीन छटा असतात; त्या कुंचल्यानें मिसळून आपल्या वर्णाशीं जुळवावयाच्या. भरलेला कुंचला प्रथम हाताच्या पाठीवर झटकावा. मग केसांच्या कडेला, जबड्याच्या रेषेखालीं आणि नाकाच्या दोहों बाजूंस हलकेंच फिरवावा. गालांखालीं ठसठशीत रेघ ओढूं नये. तिनें चेहरा ओढलेला दिसतो. कडा विरून जाईपर्यंत कुंचला फिरवीत राहावें, आणि शेवटीं खिडकीपाशीं दिवसाच्या उजेडांत आरसा पाहावा.

एक सावधगिरी मात्र हवी. या पावडरी बहुधा गोऱ्या कांतीस अनुसरून केलेल्या असतात. सांवळ्या चेहऱ्यावर त्या एक तर दिसतच नाहींत, नाहीं तर राखेसारख्या दिसतात. अशा वेळीं आपल्या त्वचेहून एक-दोन छटांनीं गडद, न चकाकणारी पावडर घ्यावी. पावडर खुलावी म्हणून कांती उजळविण्याच्या खटाटोपास लागूं नये. सावलीनें चेहऱ्यास अनुसरावयाचें असतें, चेहऱ्यानें सावलीस नव्हे.