नरक्याचे झाड आणि औषधाची परीक्षा

परवा सदरच्या बाजारात एक शेतकरी भेटले. पिशवीतला पाला दाखवून म्हणाले, "गुरुजी, भावाला मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे. या पाल्याने प्रयोगशाळेत कर्करोग मरतो म्हणे. मग दवाखाना सोडून याचाच काढा द्यावा का?" प्रश्न एका जिवाचा होता. म्हणून आज तोच आपल्यापुढे घेतो.

प्रयोगशाळेत करतात काय? पाला वाळवून कुटतात, मद्यार्कात भिजवतात, गाळून अर्क काढतात. बारीक खळग्यांच्या तबकडीत कर्करोगाच्या पेशी वाढवलेल्या असतात. काही खळग्यांत कमीजास्त अर्क घालतात, काहींत नुसता द्रव. दोनतीन दिवसांनी एक पिवळा रंग टाकतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात. मेलेल्या करीत नाहीत. जांभळेपणा मोजला की किती पेशी जगल्या ते कळते.

पण थांबा. मोरचूद टाकले तरी पेशी मरतातच! म्हणून तोच अर्क निरोगी पेशींवरही घालून पाहावा लागतो. शिवाय पोटात गेलेले औषध पचते, रक्तात मिसळते, यकृतात बदलते. तबकडीला यकृत नसते.

आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी अमेरिकेत संशोधन करीत. १९६६ साली त्यांनी व मन्रो वॉल यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. १९७२ मध्ये तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात सापडले. पेशी दुभंगताना तिच्यातील आनुवंशिक धाग्याला दोरासारखा पीळ पडतो. पीळ सोडवण्यासाठी धागा क्षणभर तुटून पुन्हा जुळावा लागतो. हे द्रव्य तो जुळू देत नाही. परंतु रोग्यांना दिले तेव्हा फार त्रास झाला आणि प्रयोग थांबले. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्यात फेरफार केले. त्यातून झालेल्या इरिनोटेकॅनला मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ साली. तीस वर्षे लागली, बरे का!

म्हणजे झाडपाला खोटा नव्हे. पण पाला आणि औषध यांच्यामध्ये लांबची वाट आहे. नरक्याचा काढा घरी कधीही करू नये. या झाडाची बेसुमार तोड झाली आहे, तीही थांबली पाहिजे.

गुरुजनहो, वर्गात एक प्रयोग करा. मटकीचे दाणे एका वाटीत साध्या पाण्यात आणि दुसऱ्या वाटीत कडुनिंबाच्या अर्कात भिजवा. मोड मोजा. साधी वाटी नसती तर काय कळले असते, हे मुलांनाच विचारा.

त्या बंधूंना मी म्हटले, "उपचार सोडू नका. पाला द्यायचाच असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. तो चालू औषधाशी भांडू शकतो." आपणांसही सांगतो. शौचातून रक्त जाते, शौचाची सवय काही आठवडे बदललेली आहे, वजन विनाकारण घटते आहे, तर मूळव्याध म्हणून घरी बसू नका. तपासून घ्या. हा रोग लवकर सापडला, तर पुष्कळदा बरा होतो.