‘अन्‌बटन’ ह्या शब्दाची गांठ



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं गास येथील सभेपुढें दोन शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली. आम्ही एकच शब्द घेऊन उभे राहिलों आहों. आणि तोही परका. तो म्हणजे इंग्रजींतील ‘अन्‌बटन’.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ह्याच शब्दापायीं आमच्या हातून एका मुलावर अन्याय झाला. परीक्षेंत भाषांतरासाठीं आम्हीं एक वाक्य घातलें होतें. मुलानें लिहिलें, ‘त्याच्या कोटाचीं बटणें सोडलेलीं होतीं.’ ‘अन्‌’ म्हणजे ‘नाहीं’ हा पाठ केलेला नियम स्मरून आम्हीं तें खोडिलें व वर लिहिलें, ‘त्याच्या कोटाला बटणें नव्हतीं.’ निकालानंतर त्याची आजी पेपर घेऊन आली. तिला अक्षरओळख नव्हती; नातवानें सारें वाचून सांगितलें होतें. ती म्हणाली, “मास्तर, पोराचं काय चुकलं? जे लावलंच नाही, ते सोडणार कसं?”

कोश उघडून पाहिला, तों म्हातारीचेंच खरें! इंग्रजींत ‘अन्‌’ दोन आहेत. ‘अन्‌हॅपी’ ह्यांतील ‘अन्‌’ नकाराचा. आपल्या ‘अनुचित’, ‘अनादि’ ह्यांतील ‘अन्‌’चा तो सगोत्र. दुसरा क्रियापदास लागतो. त्याचे आप्त निराळे : जर्मनांचा ‘एंट’, ग्रीकांचा ‘अँटी’. तो नाकारीत नाहीं, तर केलेलें कर्म उलटें फिरवितो. कालांतरानें दोघांचें रूप एक झालें, आणि आमच्यासारखे शिक्षक फसूं लागले. ‘अन्‌टाइड’ दोरी कधीं बांधलीच नव्हती, कीं बांधून सोडली, हें तर खुद्द इंग्रजासही मागचापुढचा संबंध पाहूनच ठरवावें लागतें.

‘बटन’ची कुळकथा मात्र आपल्या घरापर्यंत येते. जुन्या फ्रेंच भाषेंतील ढकलणें, रेटणें ह्या अर्थाच्या धातूपासून तो निघाला. तोच पोर्तुगीजांत ‘बोतांव’ झाला, आणि मराठींत ‘बुताव’. वसईवर 1534 पासून 1739 पर्यंत त्यांचा अंमल होता; शिंप्याच्या पेटींत त्याची खूण अजून आहे. बुताव ज्या भोकांत शिरतो तें ‘काज’ पोर्तुगीज ‘काझा’पासून, म्हणजे घर! हें कळल्यापासून आम्हांस सदऱ्याकडे पाहून हंसूं येतें. ‘बटण’ हा मागाहून इंग्रजीच्या वाटेनें आलेला त्याचाच भाऊ.

‘अन्‌फासन’विषयींही थोडें. त्यांतील ‘फास्ट’ म्हणजे घट्ट. उपवासास ‘फास्ट’ म्हणतात तोही त्याच मुळाचा, नेम घट्ट धरण्यावरून. इंग्रज तो मोडतो व त्यास ‘ब्रेकफास्ट’ म्हणतो. आपण उपवास सोडतों, गांठ सोडावी तसा. मुळाशीं आपलेंच क्रियापद अधिक जवळचें, असें आमचें मत आहे.

त्या मुलाचे दोन गुण आम्हीं परत दिले व वर्गासमोर चूक कबूल केली. पहिला नंबर मात्र तोंवर दुसऱ्यास जाहीर झाला होता, व तो फिरवितां आला नाहीं. आतां मोठा झालेला तो गृहस्थ आज ह्याच मंडपांत मागल्या बाकावर बसला आहे.