व्यसनमुक्ती आणि आमची चूल

(वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या विषयावर विद्वानांची भाषणे आपण ऐकली आहेत. आम्ही विद्वान नाही. उत्तर नागपुरातील एका वस्तीतल्या सहा घरांच्या आम्ही बाया. सहाही घरांत दारू होती. आज आम्ही मिळून डब्यांचा व्यवसाय करतो. दारूपासून या चुलीपर्यंत आम्ही कशा आलो, तेवढेच सांगणार आहोत. जे साधले नाही तेही सांगू. कारण नुसत्या यशाच्या गोष्टी सांगितल्या, की ऐकणारी एखादी बहीण आपल्यातच काही कमी आहे असे समजते.

दारूच्या घरात सर्वांत आधी काय विस्कटते? जेवणाची वेळ. पगार पुढे विस्कटतो, अब्रू त्याच्याही पुढे. माणूस घरी येत नाही, लेकरे ताटकळतात, मग अर्धपोटी झोपतात. आला की वाढलेले ताट भिंतीवर जाते. हे आमच्यातील प्रत्येकीने पाहिले आहे. पितळेचे गंज विकले गेले. एका घरातून भरलेले सिलिंडर गेले. आम्ही रांधत होतो, पण त्या रांधण्यात जीव नव्हता.

त्या दिवसांत भिंतींवर जाहिराती असत : 'पिणाऱ्याला न कळू देता दारू सोडवा, जेवणात पुडी मिसळा.' शेजारच्या बायांनी अशा पुड्या आमच्याही हातात ठेवल्या. आम्ही त्या चुलीजवळ येऊ दिल्या नाहीत. पुढे डॉक्टरांकडून कळले ते आपणही ऐकून ठेवावे. डायसल्फिराम नावाचे एक औषध असते. ते घेतलेल्या माणसाने दारू प्याली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम उतरतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने देतात. चोरून दिलेली पुडी म्हणजे विषाशी खेळ आहे. शिवाय ज्या ताटावरचा विश्वास गेला, त्या ताटाने माणूस घरी परत कसा येणार?

दुसरी गोष्ट अशी, की रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. आमच्यातील एकीच्या यजमानांनी शपथ घालून घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना झटके आले. लोक म्हणाले, बाहेरची बाधा आहे. बाधा कसली, दारू अचानक तुटल्यावर शरीर असे बंड करते. हात थरथरतात, फिट येते, पहिल्या दोन-चार दिवसांत माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावे लागतात. सोबत ब-१ जीवनसत्त्व द्यावे लागते, कारण दारू ते शरीरात टिकू देत नाही. हा आजार आहे आणि आजारावर उपचार असतात. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या 'मुक्तांगण'ने हा विचार महाराष्ट्रात घरोघर नेला. आज १४४४६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

परंतु उपचार घेऊन माणूस घरी आला, की खरी परीक्षा पुढेच असते. नोकरी गेलेली. जुने मित्र सगळे गुत्त्यावरचे. दिवस कसाबसा जातो, पण संध्याकाळचे सहा वाजले की माणूस येरझारा घालू लागतो. दारू सुटली तरी दारूची वेळ जागेवरच असते. ती वेळ भरणार कशाने?

आमच्याकडे ती चुलीने भरली. २०१२ साली आमच्यातील एकीने भाड्याने राहणाऱ्या दोन विद्यार्थ्यांचे डबे सुरू केले. दोनाचे बारा झाले तेव्हा तिला एकटीने होईना. घरात बसलेल्या नवऱ्यापुढे तिने कणकेची परात सरकवली. त्यांचे हात अजून कापत होते. सुरी देण्याची भीती वाटत होती, कणीक मळायला भीती नव्हती. हळूहळू बाकीची घरे जोडली गेली. रात्रीचे डबे साडेसातला निघाले पाहिजेत, म्हणजे पाचला भाजी चिरायला हवी, सहाला वरण शिजायला हवे. जी वेळ गुत्त्याची, तीच वेळ फोडणीची झाली. रात्री तर्रीसाठी चणे भिजत घालायचे आणि पहाटे चारला उठून पोह्यांची गाडी लावायची. पहाटे चारला उठणारा माणूस रात्री लवकर झोपतो, हे साधे गणित आहे.

अमेरिकेत १९३५ साली अक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांच्या आधाराने सावरले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही चळवळ निघाली. या वाटेवरची माणसे सांगतात, की चार अवस्थांत सावध राहा : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. या चारांपैकी दोन तर स्वयंपाकघरातच सुटतात. तेथे उपाशी कोणी राहत नाही आणि सहा जणांत एकटेही कोणी नसते. थकवा येतो, पण त्या थकव्याने झोप लागते. राग मात्र चुलीने जात नाही. त्यासाठी बोलावे लागते, आणि कांदे सोलताना माणसे बोलतात, एवढे आम्ही पाहिले आहे.

आम्ही काही नियमही केले. रोजची रक्कम रोज कोणाच्या हाती द्यायची नाही, हिशेब महिन्याला होतो आणि पैसा बँकेत जातो. ज्यांचे औषध चालू आहे त्यांच्यासाठी व्हिनेगरसुद्धा स्वयंपाकघरात येत नाही. ज्या समारंभात दारू वाटली जाते त्याची ऑर्डर घ्यायची नाही. या नियमापायी मोठ्या लग्नांची कामे गेली, पैसाही गेला. पण आमची माणसे तेथे वाढपी म्हणून उभी राहणार होती, हे आम्ही विसरू शकत नव्हतो.

पुरुष पोळ्या लाटतात म्हणून वस्ती हसली. 'बायकोच्या हाताखाली लागला' असे म्हणाली. ज्यांना दारू पिऊन नालीत पडलेला पुरुष चालतो, त्यांना पोळी लाटणारा पुरुष का चालत नाही, याचे उत्तर आम्हाला अजून मिळालेले नाही.

आता न साधलेले. सहांपैकी चौघे आज पीत नाहीत. त्यांतील एकाचा पाय दोनदा घसरला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी त्यांची परात आम्ही त्यांच्यासाठीच ठेवली. पाचव्याने दारू सोडली, पण यकृत आधीच गेले होते. २०१९ साली ते वारले. सहावे अजूनही पितात. त्यांची पत्नी आमच्यात सर्वांत चांगले भरीत करते. तिच्या मुलीची फी डब्यांच्या पैशातून जाते. नवरा सुधारला नाही तरी तिच्या लेकरांचे ताट आता वेळेवर वाढले जाते. हेही आम्ही व्यसनमुक्तीच समजतो.

विद्यार्थी विचारतात, बंदी केली की प्रश्न सुटेल ना? आपल्या विदर्भात वर्ध्याला १९७५ साली आणि गडचिरोलीला १९९३ साली बंदी झाली. चंद्रपूरला २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठली. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या बंदीसाठी बाया रस्त्यावर आल्या, त्यांना आमचा सलाम. पण कायदा येतो, कायदा उठतो. माणसाच्या संध्याकाळची सोय घराने आणि वस्तीनेच करायची असते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात बाबासाहेबांनी जनसमुदायाला २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचव्या शीलाला आपण शिक्षापद म्हणतो. शिक्षा म्हणजे शिकणे, अभ्यास. तो एकदा घेऊन संपत नाही. कणीक जशी रोज मळावी लागते, तसा तो रोज करावा लागतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, एवढेच मागणे. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी उपचार घेऊन परतला असेल, तर त्याला उपदेश करू नका आणि जुन्या गोष्टी काढू नका. संध्याकाळी सहाला त्याच्या घरी जा, त्याच्या हाताला काम द्या, त्याच्यासोबत बसून दोन घास खा. आणि मुलांनो, स्वयंपाक शिका. तो बायांचा प्रांत नाही. कोणाच्या पडत्या काळात तो हाताशी येईल, सांगता येत नाही.