गिऱ्हाईक बोलते एक, घेते दुसरेच

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळ घरांत काही ना काही तयार करून विकले जाते. कोणाची बेकरी आहे, कोणाकडे घरगुती मसाले होतात, कोणी कपडे शिवून दुकानात देतात. नवा माल काढायचा ठरला की आपण तो आधी घरच्यांना चाखायला देतो. मामू म्हणतात, "माशाअल्लाह, फारच छान!" शेजारीण म्हणते, "बाजारात असे मिळतच नाही." मग एक नाव ठरते, त्या नावाची पाच हजार पाकिटे छापून येतात, आणि घरातले होते नव्हते ते भांडवल त्या पाकिटांत अडकते. म्हणून गिऱ्हाइकाला विचारावे कसे, याविषयी आज चार शब्द बोलणार आहे.

एक जुना प्रयोग सांगतो. अमेरिकेत नेसकॅफेची झटपट कॉफी बाजारात आली, तेव्हा पुष्कळ गृहिणी ती घेईनात. कारण विचारले की उत्तर मिळे, "चव आवडत नाही." मेसन हेअर नावाच्या मानसशास्त्रज्ञाला हे उत्तर पटले नाही. त्याने वाणसामानाच्या दोन याद्या केल्या. बटाटे, गाजरे, पाव सर्व सारखे. फरक एवढाच की एका यादीत नेसकॅफे आणि दुसरीत नेहमीची दळलेली कॉफी. काही गृहिणींना एक यादी दाखवली, काहींना दुसरी, आणि विचारले, ही यादी करणारी बाई कशी असेल, ते वर्णन करा. नेसकॅफेची यादी पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या म्हणाल्या की ही बाई आळशी आहे. दुसऱ्या यादीबाबत तसे म्हणणाऱ्या अगदी थोड्या निघाल्या. हे संशोधन १९५० साली प्रसिद्ध झाले.

म्हणजे अडचण केवळ चवीची नव्हती. आयती कॉफी पाजली तर लोक आपल्याला कामचुकार म्हणतील, ही धास्ती होती, आणि ती कोणी उघड बोलून दाखवीत नव्हते. आपल्याकडे तयार आले-लसूण वाटण विकू पाहणाऱ्याने याचा जरूर विचार करावा. "तुम्ही घ्याल का?" असे सुनेला सासूसमोर विचारले, तर काय उत्तर मिळेल? प्रश्न स्वतःविषयी असला की माणूस शोभेल तेच बोलतो. दुसऱ्याविषयी असला की मन मोकळे करतो.

विचारूनही न ऐकण्याचा प्रकार फोर्ड मोटार कंपनीत घडला. नव्या गाडीच्या नावासाठी हजारो नावे जमवली गेली, रस्त्यावर माणसे उभी करून लोकांची मते घेतली गेली, मॅरिअन मूर या कवयित्रीलाही नावे सुचवायला सांगितले. शेवटी बड्या अधिकाऱ्यांच्या बैठकीत त्या यादीत नसलेले नाव ठरले: एडसेल. संस्थापक हेन्री फोर्ड यांच्या मुलाचे हे नाव. सप्टेंबर १९५७ मध्ये आलेली गाडी नोव्हेंबर १९५९ मध्ये बंद झाली. दोष सगळा नावाचा नव्हता. गाडीत बिघाड होते, बाजारही मंदावला होता. पण ते नाव मालकांच्या घराला प्रिय होते, गिऱ्हाइकाला त्यातून काहीच कळत नव्हते.

कोणी म्हणेल, गुरुजी, "निरमा"चे काय? करसनभाई पटेलांनी तर मुलीच्याच नावावरून ते ठेवले! खरे आहे. पण १९६९ साली सुरू झालेली ती पावडर मोठ्या कंपन्यांच्या पावडरीपेक्षा पुष्कळ स्वस्त होती, आणि नाव उच्चारायला सोपे. असे नशीब प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

तिसरी गोष्ट कोका-कोलाची. सुमारे दोन लाख लोकांना नाव न सांगता जुने व नवे पेय पाजले; नवे अधिक जणांना आवडले. २३ एप्रिल १९८५ रोजी कंपनीने नवे आणले, जुने काढून घेतले. लोक इतके संतापले की ११ जुलैला जुने परत आणत असल्याचे जाहीर करावे लागले. घोटभर चाखताना गोड बरे वाटते, बाटलीभर पिताना तसेच वाटेल असे नाही. शिवाय नेहमीचे पेय नाहीसे होणार, हे चाखणाऱ्यांच्या ध्यानीमनी नव्हते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनो, हे काम वही-पेन्सिलीवर तुम्हालाही जमेल. नानखटाईचे दोन प्रकार बिनखुणेच्या कागदांत द्या. निम्म्या लोकांना पहिला आधी, निम्म्यांना दुसरा आधी, कारण क्रमानेही मत फिरते. नातेवाईक वगळा, ते तुमचे मन मोडणार नाहीत. "विकत घ्याल का?" याऐवजी "गेल्या महिन्यात काय घेतले, कितीला घेतले?" असे विचारा. आणि खरी कसोटी म्हणजे दहा पाकिटे दुकानात पैसे घेऊन विकायची आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा येते का, ते पाहायचे. फुकटचे सर्वांनाच गोड लागते.

नावाबद्दल आपल्याकडे एक खास अडचण आहे. आपली पाकिटे मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत वाचली जातात. उर्दूत जेर-जबर लावले नाहीत तर "मलिक" हाच शब्द "मुल्क" किंवा "मिल्क"ही वाचता येतो! तेव्हा छापण्यापूर्वी नाव तिन्ही लिप्यांत लिहून अनोळखी दहा जणांकडून मोठ्याने वाचून घ्या. मग त्यांना दुसऱ्या दिवशी विचारा, काल काय वाचले होते? आठवले नाही तर ते नाव सोडून द्या, मग ते लाडक्या नातीचे का असेना. आठवले, तर तेच किंवा त्यासारखे नाव आधी कोणी नोंदवले आहे का, हे ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या यादीत पाहून घ्यावे. छापखान्याची पायरी त्यानंतर चढावी, आणि पहिल्या खेपेला पाच हजारांऐवजी पाचशे पाकिटे छापावीत.