डेल्फ्टच्या निळ्या फुलदाण्या

हॉलंडमधील डेल्फ्ट गांवीं सतराव्या शतकांत घडलेली निळी-पांढरी फुलदाणी प्रथम पाहणारास चिनी मातीचीच वाटते. तीच शुभ्र तुकतुकी, तेच निळे पक्षी, तींच कमळें. परंतु कांठाचा एखादा टवका उडाला असेल, तर आंत पिंवळट, ठिसूळ माती दिसते. मग सहज कोणी विचारील, ही फसवणूक नव्हे काय? अशा नकलेचें कौतुक पदार्थसंग्रहालयांनीं कां करावें? याचें उत्तर तिच्या जन्मकथेंत आहे.

इ. स. १६०३ मध्यें डचांनीं सिंगापूरनजीक ‘सांता कातारीना’ हें पोर्तुगीज जहाज पकडलें. त्यावरील चिनी भांड्यांचा लिलांव पुढच्याच वर्षीं आम्स्टरडॅमला झाला आणि त्या भांड्यांचें वेड सर्वत्र पसरलें. पुढें चीनमध्यें बंडाळी माजून १६४४ मध्यें मिंग राजवट कोसळली व मालाची आवक रोडावली. ही संधि डेल्फ्टच्या कुंभारांनीं साधली. गांवांतील बीअरचे कित्येक कारखाने त्या सुमारास बंद पडले होते. त्यांच्या ओस इमारतींत मातीकामाच्या भट्ट्या पेटल्या.

अडचण एकच होती. त्यांची माती पांढरी नव्हती, आणि खऱ्या चिनी भांड्यास लागणारी प्रखर आंच तिला सोसत नसे. म्हणून त्यांनीं झिलईचा आश्रय केला. शिशाच्या पारदर्शक झिलईंत कथलाची भस्म केलेली पूड मिसळली म्हणजे ती दुधासारखी पांढरी होते. एकदां भाजलेलें भांडें या द्रवांत बुडवीत. पाणी शोषलें जाऊन वर पिठासारखा कोरडा थर राही. मग सुईनें टोंचलेल्या कागदावरून कोळशाची पूड झटकून नक्षीचे ठिपके उमटवीत, आणि त्यांवर कोबाल्टच्या रंगाचा कुंचला चाले. रंग थराला लागतांच आंत जिरे. चुकलेली रेघ पुसण्याची सोय नव्हती. पुनः भट्टींतून निघाल्यावरच त्या रंगाचा गर्द निळा दिसे.

अशा कसोटीवर तयार झालेला हात फार दिवस नकलेंत रमत नाहीं. लवकरच फुलदाण्यांवर डच गलबतें व देखावे उमटले. तीन झांकणाच्या बरण्या व दोन उघड्या तोंडाच्या फुलदाण्या असा पांचांचा संच कपाटाच्या माथ्यावर मांडण्याची चाल पडली. एकेक फूल खोंवण्यासाठीं अनेक तोट्या असलेल्या, मनोऱ्यासारख्या उंच फुलदाण्या आद्रियानुस कॉक्स याच्या ‘ग्रीक ए’ कारखान्यानें इंग्लंडच्या दुसऱ्या मेरी राणीसाठीं घडविल्या. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यांत त्या आजही आहेत.

१७१० मध्यें जर्मनींतील माइसन येथें खऱ्या पोर्सेलीनचा कारखाना निघाला. पुढें इंग्लंडचीं स्वस्त, टिकाऊ भांडीं आलीं. डेल्फ्टचे कारखाने एकामागून एक बंद पडले. १६५३ मध्यें स्थापन झालेला ‘पोर्सेलेन फ्लेस’ तेवढा आजवर चालू आहे.

डेल्फ्टच्या कुंभारास चीनची माती लाभली नाहीं. म्हणून त्यानें स्वतःच्या मातीवर मेहनत केली. नकल करण्यास निघालेल्या त्या मेहनतींतूनच डेल्फ्टची स्वतंत्र कला जन्मास आली. कांठावरचा टवका त्या मातीची साक्ष देतो. जाणता संग्राहक त्यामुळें फुलदाणीस कमी लेखीत नाहीं.